आधी जिवाणूंचे, मग जनावराचे

ज्वारीचा कडबा, गव्हाचा भुसा, भाताचा पेंढा किंवा माळावरचे वाळलेले गवत यांत ऊर्जा भरपूर असते, पण ती सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. सेल्युलोज ही साखरेच्याच रेणूंची लांबलचक साखळी. तिचे दुवे मात्र असे जुळलेले असतात की ते तोडणारे विकर गायीलाही बनवता येत नाही आणि मेंढीलाही नाही. तरी या दोघी चाऱ्यावर जगतात, दूध देतात, लोकर वाढवतात. हे काम त्यांच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव करतात आणि त्यामुळे खाल्लेल्या चाऱ्यावर पहिला हक्कही त्यांचाच असतो. जनावराला मिळते ते त्यांनी टाकून दिलेले, आणि शेवटी ते स्वतः.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिले कोटीपोट. उदराची जवळजवळ सगळी डावी बाजू ते व्यापते. मोठ्या गायीत त्यात शंभर-दीडशे लिटर ऐवज मावतो, मेंढीत दहा-पंधरा लिटर. त्याच्या पुढे, हृदयापासून थोड्याच अंतरावर, आतून षट्कोनी खणांची जाळी असलेले जाळीपोट असते. तिसऱ्या पडदेपोटात पाणी शोषले जाते. चौथे ते खरे पोट; आम्ल आणि पाचकरस तिथेच स्रवतात. पहिल्या तीन कप्प्यांत जनावराची स्वतःची एकही पाचकग्रंथी नसते.

चरताना गाय घास फारसा चावत बसत नाही. गवत ओढायचे, लाळेत भिजवायचे आणि गिळायचे. सावलीत बसल्यावर तोच चारा गोळ्यागोळ्याने पुन्हा तोंडात येतो, प्रत्येक गोळा चाळीस-साठ वेळा चावला जातो आणि परत खाली जातो. भरपूर वैरण खाणारी गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. चाऱ्याचे तुकडे बारीक झाले की सूक्ष्मजीवांना चिकटायला जास्त जागा मिळते, हा रवंथाचा एक फायदा. दुसरा फायदा लाळेचा. गायीला रोज शंभर ते दीडशे लिटर लाळ सुटते, मेंढीला सहा ते पंधरा लिटर. या लाळेत बायकार्बोनेट आणि फॉस्फेट असतात आणि ते पोटात तयार होणारे आम्ल सतत मारत राहतात. गाय रवंथ करत नाही असे सांगितले की पशुवैद्य लगेच सावध होतो, तो यामुळेच. तो तिच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून उभा राहतो आणि मोजतो: निरोगी कोटीपोट दोन मिनिटांत दोन-तीन वेळा मुठीला वर ढकलते.

आतली हवा प्राणवायूरहित, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आम्लता सौम्य. अशा या जागेत एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या वर जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला लाखांच्या संख्येने आदिजीव, म्हणजे प्रोटोझोआ; संख्येने कमी असले तरी आकाराने इतके मोठे, की एकूण सूक्ष्मजीवांच्या वजनात त्यांचा वाटा कधीकधी निम्म्यापर्यंत जातो. शिवाय बुरशी, जिवाणूंवर जगणारे विषाणू आणि मिथेन तयार करणारे आर्किया. हे सगळे एकमेकांच्या उष्ट्यावर जगतात. एक जात सेल्युलोज तोडते, दुसरी त्यातून निघालेली साखर उचलते, तिसरीला दुसरीने टाकलेले आम्ल लागते. आदिजीव पिष्ट गिळतात आणि जिवाणूंनाही खातात.

या वस्तीचा पहिला लेखी दाखला १८४३ चा. पॅरिसमध्ये ग्रुबी आणि देलाफाँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आदिजीव पाहिले. जिवाणू वाढवून दाखवणे मात्र शंभर वर्षे जमले नाही, कारण प्रयोगशाळेतल्या साध्या हवेत ते मरत. अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी नळीतला सगळा प्राणवायू हुसकून, तिच्या आतल्या भिंतीवर पोषक लेप फिरवून जिवाणू वाढवण्याची युक्ती काढली आणि हे क्षेत्र खुले झाले. त्यांचा कोटीपोटावरचा ग्रंथ १९६६ मध्ये आला. बुरशीचा शोध तर त्याहून मजेशीर. मेंढीच्या पोटातले शेपटीवाले पोहणारे जीव सगळे जण आदिजीवांत मोजत आले होते. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की ती बुरशीची बीजे आहेत. बुरशीला प्राणवायू लागतोच, हा तोवरचा ठाम समज होता. त्यामुळे समोर दिसत असूनही तिला कोणी ओळखले नव्हते. या बुरशीचे तंतू कडब्याच्या टणक धाटात घुसून ते फोडतात आणि जिवाणूंना आत वाट करून देतात. धाटाला टणकपणा देणाऱ्या लिग्निनपुढे मात्र सगळेच हात टेकतात. ते शेणातून बाहेर पडते. जून झालेले गवत कोवळ्या गवतापेक्षा कमी पचते याचे मुख्य कारण हे लिग्निनच.

पोटातल्या घडामोडी तपासण्याची साधने साधी आहेत. संशोधन संस्थांत काही गायींच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेने झाकणाची खिडकी बसवलेली असते. नायलॉनच्या छोट्या पिशवीत मोजून चारा भरायचा, पिशवी खिडकीतून आत सोडायची, ठरावीक तासांनी काढून धुऊन वाळवायची आणि उरलेले वजन करायचे. कोणता चारा किती वेगाने विरघळतो ते कळते. आजारी जनावराबाबत पशुवैद्य तोंडातून नळी घालून थोडा द्रव काढतो, वास घेतो, रंग बघतो आणि त्यात मिथिलीन ब्लूचे थेंब टाकतो. सूक्ष्मजीव चपळ असतील तर तीन ते सहा मिनिटांत निळा रंग उडतो. पंधरा मिनिटे झाली तरी निळाई तशीच राहिली, तर आतली वस्ती आजारी आहे.

सूक्ष्मजीव साखर वापरतात आणि मागे आम्ले सोडतात. त्यांतली तीन महत्त्वाची: व्हिनेगरमध्ये असते ते ॲसिटिक आम्ल, प्रोपिऑनिक आम्ल आणि खवट लोण्याला वास देणारे ब्युटिरिक आम्ल. भरपूर वैरणीवर त्यांचे प्रमाण साधारण ६५, २० आणि १५ असे पडते. ही आम्ले थेट कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात हे १९४४ मध्ये केंब्रिजला जोसेफ बारक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर दाखवले. त्याआधी शोषण फक्त आतड्यातूनच होते असे मानले जाई. आज माहीत आहे की जनावराच्या एकूण ऊर्जेतली सत्तर टक्क्यांपर्यंत ऊर्जा या आम्लांतून येते. म्हणजे सूक्ष्मजीवांच्या लेखी जो कचरा, त्यावर गाय चालते.

याचा एक परिणाम चमत्कारिक आहे. गायीने कितीही गोड खाल्ले तरी तिच्या आतड्यातून ग्लुकोज जवळजवळ मिळत नाही. साखर आणि बरेचसे पिष्ट वाटेतच संपलेले असते. पण वीस लिटर दूध देणाऱ्या गायीच्या दुधात रोज एक किलोच्या आसपास दुग्धशर्करा असते आणि ती ग्लुकोजपासूनच बनते. हे सगळे ग्लुकोज यकृताला नव्याने तयार करावे लागते, मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून. नुकत्याच व्यालेल्या जास्त दुधाच्या गायीला, किंवा पोटात जुळी असलेल्या मेंढीला हा हिशेब जुळेनासा झाला की शरीर साठवलेली चरबी भराभर वितळवू लागते आणि जनावर किटोसिस या आजाराने मंदावते, चारा टाकते.

ॲसिटिक आम्लाचे काम वेगळे. दुधातल्या स्निग्धांशाचा साधारण निम्मा भाग कासेत ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लापासून घडतो. डेअरीवर ‘फॅट लागत नाही’ ही तक्रार अनेकदा इथूनच उगवते. दूध वाढावे म्हणून पेंड आणि मक्याचा भरडा वाढवला, वैरण कमी केली किंवा कुट्टी अगदी भुशासारखी बारीक केली, तर रवंथ घटतो, लाळ घटते, पोटातली आम्लता वाढते आणि सेल्युलोज तोडणारे जिवाणू मागे पडतात. ॲसिटिक आम्लाचा वाटा कमी होतो, दुधाची फॅट खाली येते. दुधात पाणी घातल्याचा संशय येण्याआधी गव्हाणीत डोकावणे बरे.

प्रथिनांची कथा ऊर्जेपेक्षाही अजब आहे. चाऱ्यातली बरीचशी प्रथिने सूक्ष्मजीव अमोनियापर्यंत मोडतात आणि त्या अमोनियापासून स्वतःच्या देहाची प्रथिने बांधतात. मग पातळ द्रवाबरोबर वाहत ते चौथ्या पोटात येतात आणि तिथे जनावर त्यांना पचवते. आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक सहसा या सूक्ष्मजीवांच्या देहांतून आलेली असतात. हे देह पचवण्यासाठी गायीच्या चौथ्या पोटात लायसोझाइम नावाचे विकर भरपूर स्रवते. जिवाणूंची भिंत फोडणारे हे विकर इतर प्राण्यांत अश्रूंत आणि लाळेत, संरक्षणासाठी असते. पाने खाणाऱ्या आपल्याकडच्या वानराच्या पोटातही असाच पाने कुजवणारा कप्पा असतो, आणि त्याचे लायसोझाइम गायीच्या लायसोझाइमसारखेच बदललेले आहे, हे १९८७ मध्ये ॲलन विल्सन यांच्या गटाने दाखवले. गाय आणि वानर यांचे नाते दूरचे. गरज मात्र एक.

अमोनियापासून प्रथिने बनत असतील तर प्रथिने न देता नुसता नायट्रोजन दिला तर? फिनलंडचे आर्टुरी विर्तानेन यांनी हे टोकापर्यंत नेऊन पाहिले. हिरवा चारा आम्ल घालून टिकवण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले होते. १९६० च्या दशकात त्यांनी गायींना शुद्ध सेल्युलोज, पिष्ट, साखर आणि नायट्रोजनसाठी केवळ युरिया व अमोनियाचे क्षार असा आहार दिला. गायी व्याल्या, दूध देत राहिल्या.

गोठ्यात याचा उपयोग बेताने करावा लागतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे हिशेबाने एक किलो युरिया सुमारे २.८ किलो प्रथिनांच्या तोडीचा. पण अमोनिया वेगाने सुटला आणि तो वापरायला जिवाणूंकडे पुरेशी ऊर्जा नसली तर तो रक्तात जातो आणि जनावर तासाभरात दगावू शकते. उघड्या राहिलेल्या खताच्या पोत्याला तोंड लावलेल्या जनावरांचे हेच होते. सुरक्षित मार्ग म्हणजे वाळल्या वैरणीवर प्रक्रिया: शंभर किलो भुसा किंवा पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून हवाबंद झाकायचा आणि तीन आठवडे ठेवायचा. अमोनिया धाटे सैल करतो आणि नायट्रोजनही वाढवतो. गुळाच्या मळीत युरिया आणि खनिजे घालून केलेली चाटण वीटही याच तत्त्वावर चालते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० च्या दशकात ती आपल्याकडे रुजवली. वीट चाटून चाटूनच संपते, त्यामुळे युरिया एकदम पोटात जात नाही.

हे सगळे कशासाठी, ते एप्रिल-मे महिन्यांत माळावर दिसते. पोट टम्म, बरगड्या मात्र मोजता येतील अशा. वाळल्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात आणि आहारातले प्रमाण सातच्या खाली गेले की सूक्ष्मजीवांचीच उपासमार सुरू होते. ते कमी पडले की चारा पचायला उशीर लागतो, पोट रिकामे होत नाही, आणि भरल्या पोटाचे जनावर खंगते. अशा वेळी मूठभर सरकी पेंड किंवा थोडा हिरवा पाला जे करतो ते आणखी दोन पेंढ्या कडब्याने होत नाही. निसर्गाने थोडी सोय केलेली आहे: यकृतात बनलेला युरिया लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतून परत कोटीपोटात येतो आणि चारा निकस असताना लघवीवाटे कमी जातो. धनगरांच्या कळपातली दख्खनी मेंढी उन्हाळा निभावते त्यात या काटकसरीचा वाटा आहे.

जास्त दुधाच्या गायीचे गणित उलटे. तिला सूक्ष्मजीवांची प्रथिने पुरत नाहीत, आणि महागडी पेंड घातली तर तीही आधी जिवाणूच मोडून खातात. म्हणून पेंडीवर उष्णतेची किंवा फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करतात. ती कोटीपोटातून न मोडता पुढे सरकते आणि चौथ्या पोटात पचते. बाजारात ती बायपास प्रथिन म्हणून मिळते.

जीवनसत्त्वांच्या बाबतीतही तोच क्रम. ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे सूक्ष्मजीव बनवतात. पण बी-१२ बनवायला त्यांना कोबाल्ट लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवर आणि न्यूझीलंडच्या काही भागांत मेंढ्या हिरव्यागार कुरणात उभ्या राहून झिजून मरत. रक्तक्षयासारखी लक्षणे पाहून त्यांना लोहाची खनिजे दिली गेली, आणि काही खनिजांनी गुण आला, काहींनी नाही. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात अंडरवुड व फिल्मर आणि स्वतंत्रपणे मार्स्टन व लाइन्स यांनी उलगडा केला, की गुण लोहाचा नव्हताच, त्यात मिसळलेल्या कोबाल्टच्या अंशाचा होता. बी-१२ शुद्ध स्वरूपात हाती आले ते पुढे १९४८ मध्ये, तेव्हा कारणही कळले. मेंढीला लागणारे कोबाल्ट दिवसाला एका मिलिग्रॅमहूनही कमी. तेवढ्यावाचून कळप संपत होते.

वासरू जन्मते तेव्हा यातले काहीच नसते. त्याचे कोटीपोट लहान आणि निकामी असते. चीक आणि दूध एका खोबणीतून सरळ चौथ्या पोटात उतरते, कारण दूध कोटीपोटात पडले तर ते तिथे आंबते. सूक्ष्मजीव येतात ते आईच्या चाटण्यातून, इतर जनावरांच्या लाळेतून, चाऱ्यावरून. कोटीपोटाच्या आतली शोषणारी मऊ टोके वाढायला मात्र ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांची चालना लागते, आणि ती मिळते वासराने थोडा भरडा खाल्ल्यावर. दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर खुराक आणि कोवळे गवत ठेवण्याचा सल्ला त्यासाठीच.

खाद्यात अचानक बदल झाला तर वस्तीचा तोल जातो. लग्नाच्या मांडवातला उरलेला भात, पोळ्या, जिलेब्या प्रेमाने गायीपुढे ठेवल्या जातात. किंवा मेंढ्या मळणीच्या खळ्यावर शिरून ज्वारी-बाजरी पोटभर खातात. मग पिष्टावर वेगाने वाढणारे जिवाणू लॅक्टिक आम्लाचा पूर लोटतात, आम्लतादर्शक आकडा पाचच्या खाली जातो, इतर जिवाणू आणि आदिजीव मरतात, अंगातले पाणी पोटात ओढले जाते आणि जनावर आडवे होते. उपचारात खाण्याच्या सोड्यासारखी आम्लरोधके, शिरेतून द्रव आणि शक्य असेल तर निरोगी जनावराच्या कोटीपोटातला ताजा द्रव देतात. नवे खाद्य आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवायचे, हा नियम जिवाणूंच्या सवडीने घातलेला आहे.

लसूणघास किंवा बरसीम दहिवरात भिजलेली, कोवळी आणि उपाशीपोटी खाल्ली की दुसरे संकट येते. पोटातला वायू फेसात अडकतो, ढेकर निघत नाही आणि डावी भकाळ ढोलासारखी फुगते. फेस मोडायला गोडेतेल पाजतात. जनावर गुदमरू लागले तर पशुवैद्य भकाळीत नळी खुपसून वायू सोडतो. चाऱ्याबरोबर गिळलेल्या तारा-खिळ्यांचे दुखणे जाळीपोटाचे. जड वस्तू तिथेच साठतात, पोट आवळले की टोक पुढे सरकते आणि पुढे हृदय असते. शहरातल्या मोकाट गायींच्या कोटीपोटात मात्र प्लास्टिक साचते, आणि शस्त्रक्रियेत ते किलोकिलोने निघते.

सेल्युलोज तोडताना हायड्रोजन सुटतो. तो साठून राहिला तर आंबवण थांबेल. म्हणून आर्किया तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि जनावर तो ढेकरातून सोडते. मोठी गाय रोज अडीचशे ते पाचशे लिटर मिथेन सोडते, म्हणजे खाल्लेल्या ऊर्जेपैकी दोन ते बारा टक्के. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो, त्यामुळे गायीची ढेकर जागतिक वाटाघाटींत पोचली आहे. आर्कियाचे नेमके एक विकर अडवणारे औषधी खाद्य युरोपीय संघात २०२२ मध्ये मंजूर झाले. एका लाल समुद्रशेवाळाचाही असाच परिणाम होतो. मात्र दिवसाला दोन लिटर दूध देणारी गायही जगण्यापुरता चारा खातेच आणि तेवढा मिथेन सोडतेच. म्हणून आपल्याकडे खाद्य समतोल करून दर लिटर दुधामागचा मिथेन घटवणे हा उपाय औषधापेक्षा जवळचा वाटतो.

पोटातली वस्ती मुद्दाम बदलून मोठा फायदा झाल्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण सुबाभळीचे आहे. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने महाराष्ट्रात ज्याचा जोरदार प्रसार केला, तो हा प्रथिनयुक्त पाला. त्यात मिमोसिन असते. पोटात त्यापासून होणारा पदार्थ गळ्यातली ग्रंथी सुजवतो, केस झडतात, वजन घटते. ऑस्ट्रेलियात गुरांना हे होई, हवाईतल्या शेळ्यांना मात्र काहीच होत नसे. संशोधक रेमंड जोन्स यांना शंका आली, की फरक शेळ्यांत नसून त्यांच्या जिवाणूंत आहे. १९८० च्या दशकात हवाईतल्या जनावरांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात आणून गुरांना पाजले गेले, आणि विषबाधा थांबली. त्यातला मुख्य जिवाणू वेगळा काढून १९९२ मध्ये त्याला सिनर्जिस्टीस जोन्सिआय असे नाव दिले गेले. कळपातल्या काही जनावरांना पाजले की बाकीच्यांत तो आपोआप पसरतो. क्वीन्सलंडमध्ये हे जिवाणू आता टाक्यांत वाढवून पशुपालकांना पुरवतात. आपल्याकडचा सल्ला जुनाच आहे: सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नको, आणि सुरुवात थोड्यापासून.